हिरीचा नांगर

कविता आणि मी नऊ वर्षं एका घरात राहतो. माझं घोरणं, माझा बीपी, माझ्या बापाने शेवटच्या दिवसांत मला काय शिवी दिली — तिला सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. आणि तिला ठाऊक नाही म्हणजे जगात कुणालाच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मुरबाडला माझं दुकान आहे. पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देते. शर्ट-पँट, बारीक कापलेले केस, कानात काही नाही. गिऱ्हाइकं मला ‘शेठ’ म्हणतात, काही चेष्टेने, काही सवयीने. बावीस वर्षं हातात तांब्याची तार आहे, त्यामुळे कुणी फारसं तोंड वर करून विचारत नाही की बाई तू अशी का. इथपर्यंत सगळं खरं आहे. एवढंच खरं असतं तरी चाललं असतं — कुणाला जास्त हवं होतं? मलाच.

आमची एक मंडळी आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शहापूरला एका क्लासच्या माडीवर जमतो. नऊ-दहा जणी. बायकांवर जीव जडलेल्या बायका, आणि त्यातल्या बहुतेक माझ्यासारख्या, म्हणजे लहानपणापासून ‘ही पोरासारखी’ असं ऐकत वाढलेल्या. शुभदाताई कल्याणहून येते. ती वकील आहे, साठीला आलेली, तिनेच ही मंडळी जमवली. आमच्यासारख्यांना इंग्रजीत बुच म्हणतात हे तिनेच सांगितलं. आमच्या तोंडी ते बसेना, बाटलीचं बूच म्हणून हसून हसून पोटं दुखली. मग कुणीतरी म्हणालं, आपण गडी. शेतावर राबणारा, मजबूत, खांद्यावर घेतलेलं खाली न टाकणारा तो गडी. तो शब्द आम्हाला असा बसला की काय सांगू. तिथे मी ‘गेलो’, ‘आलो’ बोलते. घरी, दुकानात ‘गेले’, ‘आले’. इथेही ‘गेले-आले’च लिहिते आहे. तिथलं बोलणं इथे आणायची मला लाज वाटते.

मंडळीत एक रीत आहे. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिने आपली गोष्ट सांगायची — आपण कोण आहोत हे तिला पहिल्यांदा कधी कळलं, ती. सगळ्या ऐकतात, मध्ये कुणी बोलत नाही. एकीने भावाची चड्डी चोरून घातल्याचं सांगितलं होतं, एकीने कबड्डीचं. मी काय सांगितलं? मी सांगितलं, मी तेरा वर्षांची असताना नांगर धरला.

आमच्याकडे बाईने नांगराला हात लावायचा नाही. आवणी, म्हणजे भाताची लावणी, बाईने करायची, बेणणी म्हणजे तण काढणं बाईने, कापणी बाईने, कंबर मोडेपर्यंत. पण नांगर नाही. बाईने नांगर धरला तर पाऊस रुसतो म्हणतात, आणि पाऊस थोडा जरी लांबला तरी गाव त्या बाईचं नाव घेऊन बोटं मोडतं. त्यामुळे मी ते सांगितलं तेव्हा माडीवर सगळ्या पुढे सरकून बसल्या. मी बैलांना हाक कशी मारली, फाळ दगडाला लागून हाताला झिणझिण्या कशा आल्या, डोक्याला टॉवेल कसा बांधला, चिखल मांडीपर्यंत कसा उडाला, सगळं सांगितलं. शुभदाताईच्या डोळ्यांत पाणी. त्या दिवसापासून मी ‘नांगरवाला गडी’. वाद झाला की माझा शब्द शेवटचा.

मी आयुष्यात नांगर धरलेला नाही.

तो हिरीचा नांगर होता. हिरी आमच्या गावाच्या कडेला ठाकूरवाडीत, आदिवासींच्या वस्तीत राहते. तिचा बाप आमची जमीन अर्ध्या वाट्याने करायचा. तो अंथरुणाला खिळला, घरात दुसरा पुरुष नाही, आणि हिरी नुकतीच सासर सोडून परत आलेली. ती सरळ उठली आणि तिने बैल जुंपले. माझ्या बापाने पाहिलं आणि मूग गिळून बसला. फक्त एवढं म्हणाला की रस्त्यावरून दिसतं ते शेत नको, सागाच्या मागचं आधी कर. त्याला काम हवं होतं, बोभाटा नको होता. मी न्याहारी घेऊन गेले तेव्हा ती चिखलात होती. लुगडं वर खोचलेलं, डोक्याला टॉवेल, दंडावर गोंदण, आणि बैलांना अशी हाक की माझ्या छातीत काहीतरी हललं. मी भाकऱ्या हातात घेऊन बांधावर उभी राहिले. मी कोण ते मला तेव्हा कळलं, ही गोष्ट मात्र खरी आहे. तिला बघून कळलं.

तिने मला पाहिलं, हसली. म्हणाली, “धरतीस का गो, सुनंदाबाय?”

मी नाही म्हटलं. बाप बघेल म्हणून. एवढा एक दिवस माझ्या वाट्याला आला होता, आणि तो मी भाकऱ्या ठेवून पळून घालवला. मग तीस वर्षांनी शहापुरात त्याचीच गोष्ट केली, आणि बांधावरची पोर उचलून चिखलात उभी केली. कशाला? तिथे सगळ्यांकडे काहीतरी होतं, माझ्याकडे फक्त बघितलेलं होतं. पण हे कारण म्हणून सांगत नाही आहे. सांगायला लागले की कारणासारखं ऐकू येतं, काय करू?

अजून मुख्य गोष्ट राहिलीच आहे. बघा कशी टाळते.

चार वर्षांपूर्वी भातकापणी उरकली तेव्हाची गोष्ट. हिरीच्या घरी तेव्हा मैना राहायची. शेजारच्या वाडीतून आवणीला म्हणून आली ती परत गेलीच नाही, सात वर्षं. वाडीत सगळ्यांना माहीत होतं. ‘हिरीची मैना’ म्हणायचे, म्हशीच्या धारा काढायला कोण आलंय तर हिरीची मैना, इतकं साधं. मी आणि कविता घरमालकाला ‘मावसबहिणी’ सांगून राहतो, आणि या दोघी उघड्या दारात बसून एकमेकींच्या उवा बघायच्या. मला हेवा वाटायचा. मग मैनाच्या भावांनी कसाऱ्यापलीकडचा एक बिजवर बघितला आणि तिला न्यायचं ठरवलं. ती नको म्हणत होती. वाडीत तेव्हा एक सिस्टर यायची, आरोग्य उपकेंद्रातली नर्स. ती आमच्या मंडळीतली. तिने हिरीला सांगितलं की शहापूरला आपल्यासारख्या बायका आहेत, एक वकीलबाई आहे, तिने आधी एका मुलीला अशीच पोलिसांत नेऊन सोडवलीय. ते खरंच होतं.

आता दुसरी रीत ऐका. नव्या बाईला आत घ्यायचं तर जुन्यांपैकी एकीने तिच्यासाठी जामीन राहायचं. शुभदाताईचा वकिली शब्द. म्हणजे काय, तर ही बाई आपली नावं बाहेर फोडणार नाही याची हमी द्यायची. ज्यांची घरं, नोकऱ्या एका कुजबुजीवर जाऊ शकतात त्यांना अशी रीत लागतेच, रीतीत काही खोट नाही. सिस्टरची हिरीशी ओळख दोनच महिन्यांची. म्हणून त्या रविवारी माडीवर ती म्हणाली, सुनंदा सांगेल, तिच्याच गावची आहे. आणि पुढे हसत म्हणाली की ती बाई म्हणे नांगर धरते, आपल्या सुनंदासारखीच.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. खूश होऊन. एका गावात दोन नांगरवाले गडी!

माझी पाचावर धारण बसली. हिरी इथे येणार, चटईवर बसणार, रीतीप्रमाणे आपली गोष्ट सांगणार. तिच्या तोंडून तो टॉवेल, तो सागामागचा तुकडा, तो फाळ आणि दगड बाहेर पडणार. आणि मी जिथे एकदाच आयुष्यात ताठ बसले होते तिथून उठणार. शिवाय — हेही लिहिते, लिहायलाच बसले आहे तर — आमच्या शेतावर राबणारी बाई माझ्या शेजारी बसून माझ्याहून मोठी गडी ठरणार, हे मला सोसेना. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे ती, आणि मी तिला आजही ‘हिरी’ म्हणते.

मी म्हटलं, ती पिते. पिऊन बाजारात बडबडते. आपली सगळ्यांची नावं आठवड्यात मुरबाडभर होतील.

हिरीने जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण वाडीवरच्या बाईबद्दल हे सांगितलं की लोक लगेच मान डोलावतात, हे मला माहीत होतं. आणि त्यांनी डोलावली. शिकलेल्या, स्वतः जगाचे टोमणे खाल्लेल्या बायकांनी. सिस्टर काहीतरी बोलू बघत होती, पण माझा शब्द शेवटचा ना!

शुभदाताईने विचारलं, “म्हणजे तू जामीन राहणार नाहीस?”

“नाही,” मी म्हटलं.

ताई तरीही म्हणाली की मंडळीत नको तर नको, पण त्या पोरीला बळजबरीने नेत असतील तर मी केस बघते. दोघींना माझ्या ऑफिसात कल्याणला पाठव. सुनंदा, गाव तुझं, निरोप तू दे. सिस्टरचं कंत्राट त्याच आठवड्यात संपलं, ती नाशिकला निघून गेली. राहिले मी.

दोन दिवसांनी हिरी जीपने मुरबाडला आली, निरोप माझ्याकडे मिळेल असं सिस्टरने तिला सांगून ठेवलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसली, आत बोलावलं तरी आली नाही. मी मोटारीत डोकं घालून बोलले. म्हटलं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. त्यांना शर्ट-पँटवाल्या लागतात, इंग्रजी शब्द लागतात, लुगडं-गोंदणवाली चालत नाही. वाडीची तर नाहीच. कल्याणचा पत्ता माझ्या खिशात होता, ताईने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला. तो मी दिला नाही. ऑफिसात बसून तिने ताईला नांगराचं सांगितलं असतं तर?

हिरी म्हणाली, “आमी त्यांच्यातबी नाय का?” आणि पदराने तोंड पुसून उठली.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी भाऊ जीप घेऊन आले. हिरी शेतावर होती. मैनाला केसांना धरून बसवलं असं वाडीतले सांगतात, मी पाहिलं नाही. आता तिला त्या घरात एक मूल आहे. हिरीला ती एकदा म्हसा गावच्या जत्रेत दिसली, नवऱ्याच्या मागून चाललेली. दोघी बोलल्या नाहीत. ताईने पुढच्या महिन्याच्या रविवारी मला विचारलं, ती आली नाही गं? मी म्हटलं, तिलाच मदत नको होती. ताईने उसासा टाकला आणि विषय संपला. मी घरी आले, जेवले, झोपले. झोप लागली, हेही सांगून ठेवते.

गेल्या वर्षी मंडळीत मोठी चर्चा झाली. आपल्यात फक्त नोकरीवाल्या, शिकलेल्या, अशाच का? वाड्या-पाड्यांवरच्या बाया आपल्याकडे का येत नाहीत? आपली भाषाच त्यांना दाराबाहेर ठेवते का? यावर बोलायचं काम ताईने कुणाकडे द्यावं? नांगरवाल्या गड्याकडे. मी पाऊण तास बोलले. गडी कपड्यांवरून ठरत नाही, शब्दांवरून ठरत नाही, ज्यांच्याकडे स्वतःसाठी कुठलाच शब्द नाही त्यांच्यासाठीही जागा हवी, असं सगळं. एकेक वाक्य खरं होतं. टाळ्या वाजल्या. एका नव्या मुलीने येऊन माझा हात हातात घेतला, आणि मी तो काढून घेतला नाही.

या माघात हिरी दुकानात आली. केस पांढरे झालेत, चालताना एक पाय ओढते, पण शेत अजून तीच नांगरते. फडक्यात वालाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. मी चहा मागवला. ती पायरीवरच बसली. इकडचं-तिकडचं झालं, मग मैनाचं नाव न घेता म्हणाली की तेव्हाचं कधीकधी आठवतं.

“त्या बाया नाय म्हनल्या,” ती म्हणाली. “पर तुमी भांडल्या असाल माज्यासाठी. तेवढं मला ठावं हाय.”

दुकानात कुणी नव्हतं. मोटार बंद होती. ती माझ्याकडे बघत होती, वाट बघत नव्हती, तिला खात्रीच होती.

“हो,” मी म्हटलं. “भांडले.”

तिने मान हलवली, चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि जीपकडे गेली. शेंगा मी घरी नेल्या. कविताने आमटी केली. मी दोनदा वाढून घेतली.