खाकी टोपीचं प्रथिन

सुमन गेली त्याला पाच आठवडे झाले. अलिबागहून दवाखान्याचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या घरी तिच्यासाठी पेज करत होतो... पातेलं तसंच राहिलं. भेटायला आलेले म्हणायचे, ‘सुटली बिचारी, संपलं सगळं.’ मला त्याचा संताप येई, आजही येतो. बिचारी ती कधीच नव्हती.

माझी ही धाकटी बहीण कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मी एसटीत कंडक्टर, मुरुड-अलिबाग रस्त्यावर हयात गेली. पेशी हे तिचं वेड. पेशीच्या आत म्हणे माल भरलेल्या बारीक पिशव्या एका पडद्याकडून दुसऱ्या पडद्याकडे जातात आणि कुठली पिशवी कुठे लागायची, हे तिच्यावर बसलेलं एक चिमुकलं प्रथिन ठरवतं. कधी चालू, कधी बंद. ‘म्हणजे तुझ्यासारखा कंडक्टरच रे, दादा! डबल बेल दिली की गाडी निघाली.’ हे असलं गावातल्या पोरांना, तेही मराठीतून कशाला, असं प्राचार्यांनी विचारलं, तर त्यांच्या तोंडावर म्हणाली, ‘त्यांच्या अंगातल्या पेशी काय इंग्रजीतून चालतात?’

प्रयोगशाळेच्या भिंतीवर तिने भली मोठी पेशी रंगवली. प्रथिनाला खाकी टोपी घातली आणि मला कौतुकाने दाखवायला नेलं. चित्रात पिशवी पोचल्यावर प्रथिन बंद होऊन तिथेच आडवं पडलं होतं. खाली अक्षरं : ‘काम संपले’. मला हसूच फुटलं.

‘सुमन, मी अलिबागला उतरलो म्हंजे काम संपलं व्हय? परतीची फेरी कोन मारनार, आपला बा?’

ती कपाटातून जाडजूड पुस्तक काढून उभ्या उभ्या वाचू लागली. ‘दादा, तुझं खरं हाय. बंद झालं की ते पडदा सोडतं आणि पहिल्या जागी परत जातं, नव्या पिशवीसाठी. मी पोरांना अर्धवटच शिकवलं की रे!’

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगून टाकलं, ‘माझं चुकलं होतं, एका कंडक्टरने सुधारलं.’ प्राचार्य खवळले. मुलांपुढे चूक कबूल केली की मान जातो म्हणे. ‘चूक झाकून मिळणारा मान तुमच्यापाशीच ठेवा,’ असं म्हणून तिने ती अक्षरं खोडली आणि मागे वळणारा एक लाल बाण काढला. त्या बाणाचा मला केवढा अभिमान वाटला, हे मी तिला कधी बोललो नाही.

गेल्या सोमवारी कळलं, प्रयोगशाळा रंगवायला काढलीय. ती भिंतसुद्धा. मी जुनी टोपी घातली आणि तिथे जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

‘काका, बाजूला व्हा. तुमी कोन?’ रंगारी म्हणाला.

‘ह्या चित्रातला टोपीवाला दिसतो ना? तो मी. ही भिंत सोडून बाकी काय ते रंगव.’

त्याने चित्र पाहिलं, मला पाहिलं आणि शिडी उचलून समोरच्या भिंतीला लावली. लाल बाण अजून जागेवर आहे. प्राचार्य पुन्हा माणूस पाठवणार, असं ऐकतो. पाठवू देत. मीही पुन्हा जाईन. परतीच्या फेरीची मला सवय आहे.