हेल्मेटात काकणं होती

"सबड्यूरल हिमॅटोमा," डॉक्टर म्हणाले आणि काळी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी पुन्हा मराठीत सांगितलं. "कवटीच्या आत मेंदूवर एक पडदा असतो. त्या पडद्याखाली रक्त साचलंय. त्याला बाहेर यायला वाट नाही, म्हणून ते मेंदूला दाबतंय. लगेच उघडावं लागेल."

मी विचारलं, "काय उघडावं लागंल?"

"डोकं."

तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. माझी बायको शेवंता सकाळी साडेदहाला गाडीवरनं पडली होती. मधल्या साडेआठ तासांत आम्ही काय केलं ते सांगायला मी हे लिहितोय. शिक्षण सातवी, तीही नापास. शुद्धलेखन बघू नका, तास मोजा.

गाडी म्हणजे साठ सीसीची मोपेड. कसबा बावड्यात आमच्या चार म्हशी. त्याच गाडीवर मी दुधाचा रतीब घालायचो. दोन्ही अंगाला किटल्या अडकवता याव्यात म्हणून मागच्या चाकाची जाळी, साडीगार्ड म्हणतात ती, मी वेल्डरकडं नेऊन कापून टाकली होती आणि तिथं हुक बसवले होते. आमच्यातले सगळे दूधवाले तसंच करतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

थोरली लेक सुमन वाठारच्या पुढं दिलेली. तिला सातवा लागला होता आणि सासरी डोहाळजेवण होतं. ओटीचं सामान, हिरवी साडी आणि चार डझन हिरवी काकणं घेऊन आम्ही दोघं निघालो. आतनं गावागावातनं रस्ता होता, पण सगळा खड्ड्यांचा. हायवे नुकताच चौपदरी झालेला. शिये फाट्यावर मी गाडी हायवेला घातली.

हेल्मेट एक होतं, पोलिसाला दाखवायला घेतलेलं. शेवंतानं काकणं फडक्यात गुंडाळली, हेल्मेटात भरली आणि ते मांडीवर घेऊन एका अंगाला पाय सोडून बसली. काकणं फुटू नयेत म्हणून. मीच म्हणालो होतो, "डोकं लावलंस की गं."

दोघं बसलो की ती गाडी चाळीसच्या वर जायची नाही. मागनं येणारा ट्रक तिच्या दुप्पट वेगात. ट्रक जवळनं गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं होतं आणि मग आत ओढल्यासारखं. तसा एक गेला. त्याच्या वाऱ्यानं शेवंताचा पदर डोक्यावरनं उडाला आणि मागच्या चाकात गेला. गाडीला हिसका बसला. वळून बघतोय तर ती रस्त्यावर उताणी, आणि हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं.

ट्रकनं आम्हाला शिवलंसुद्धा नव्हतं.

ती आपली आपण उठून बसली. रक्ताचा थेंब नाही. डोक्याच्या मागं लिंबाएवढं टेंगूळ, बस. टपरीवाला पाण्याचा तांब्या घेऊन पळत आला. "पावणं, डोक्यावर पडल्यात त्या. वडापची जीप थांबवतो, दवाखान्यात न्या."

शेवंताचं सगळं लक्ष फाटलेल्या पदराकडं आणि बघणाऱ्या माणसांकडं. "काय झालं न्हाय मला. पोरगी वाट बघत बसली आसंल. चला गुमान."

खरं सांगतो, ती असं बोलली तेव्हा मला बरं वाटलं. डोहाळजेवण चुकलं असतं तर व्याह्यांच्यात तोंड दाखवायला जागा नव्हती, असं तेव्हा वाटत होतं.

सुमनच्या घरी पोचल्यावर फडकं सोडलं. एक काकण फुटलं नव्हतं. शेवंता चार बायकांत म्हणाली, "आमच्या मालकांनी मला हायवेवर आपटलं, पर काकणाला धक्का लावला न्हाय बघा." सगळ्या खदाखदा हसल्या. ती काकणं सुमनच्या हातात भरली. ओटी भरली. शेवंतानं दोन गाणी म्हटली.

दोन वाजता ती जेवायला बसली आणि घास न घेताच उठली. डोकं ठणकतंय म्हणाली. तीन वाजता परसात जाऊन उलटी केली. विहीणबाई म्हणाल्या, "पित्त हाय. उन्हातनं आल्यात न्हवं." कोकमाचं पाणी दिलं. माजघरात चटईवर निजवलं.

अर्ध्या तासानं आतनं घोरण्याचा आवाज यायला लागला. आम्ही पुरुष सोप्यात पान खात बसलो होतो. जावयाचा चुलता म्हणाला, "आवं पावणं, ओढ्यावरची मोटार चालू ऱ्हायली जणू!"

मी म्हणालो, "रोजचंच हाय. तीस वर्सं ऐकतोय मी."

सगळे हसले. मीही हसलो.

ते खोटं होतं. शेवंता कधी घोरत नव्हती. तीस वर्षांत एक दिवस नाही. आवाज निराळा आहे हे कानावर पडताच मला कळलं होतं. पण चार माणसांत बायकोसाठी उठून आत जायची लाज वाटली.

पाच वाजता सुमन चहाला उठवायला गेली आणि दारातनं ओरडली, "आबा, आई उठंना!"

एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली, दुसऱ्याची बारीक. वडापची जीप काढली आणि कोल्हापूरला आणलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "उलटी झाली होती?" व्हय म्हणालो. "नंतर घोरत होत्या?" व्हय म्हणालो. ते म्हणाले, "ते घोरणं नव्हतं, काका. शुद्ध जाते तेव्हा जीभ मागं पडते आणि श्वास अडकायला लागतो. त्याचा आवाज."

ऑपरेशनचं नाव क्रॅनिओटॉमी. म्हणजे कवटीचा तुकडा काढून आतलं रक्त काढायचं. तीन तास लागले. आधी तिचे केस भादरले आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिले. ती पिशवी घेऊन मी बाकावर बसून होतो. खाली ठेववेना.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. अपघाताचा पेशंट आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात. जावई माझ्या कानाशी लागला. "मामा, अज्ञात ट्रकनं धडक दिली म्हणा. न्हायतर केस तुमच्यावर येईल."

मी म्हणालो, "यिऊ दे की. मी पाडली न्हाय तर कुणी पाडली?"

हवालदारांनी विचारलं, "लायसन?"

"हाय. बिनगियरचं."

"साडीगार्ड?"

"कापून टाकलं."

"हेल्मेट?"

"होतं."

"डोक्यात होतं?"

"काकणं होती त्यात."

त्यांचं पेन थांबलं. "बाबा, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. लहान गाडीनं त्या रस्त्याला जायला कुणी अडवत नाही, लायसन आणि कागद पाहिजेत. साडीगार्ड आणि मागच्याला धरायला कडी हे कायद्यानं गाडीवर असावंच लागतं. हेल्मेट मागच्यालाही. एवढं सगळं त्या माणसाला पाठ होतं आणि मला दवाखान्यात कळलं. माझ्यावर केस झाली. कोर्टात मी गुन्हा कबूल केला.

कुणी लहान गाडीवर निघणार असेल तर माझं ऐका. आतला रस्ता असेल तर आतनं जा, उशीर झाला तर होऊ दे. हायवेला जावंच लागलं तर पांढऱ्या पट्टीच्या डाव्या अंगाला राहा आणि ट्रकच्या मागं लागू नका, त्या गाडीत तेवढी ताकद नसते. बाईमाणसाला दोन्हीकडं पाय टाकून बसवा, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. पदर कमरेला घट्ट खोचा. आणि हेल्मेट डोक्यासाठीच असतं.

आयसीयूत दिवसातनं दोनदा सोडायचे, दहा दहा मिनिटं. चपला बाहेर. तिथं पेशंटला मार्क देतात, जीसीएस म्हणतात त्याला. डोळे उघडण्याचे, बोलण्याचे, हातपाय हलवण्याचे मिळून पंधरा. शेवंता आली तेव्हा पाच होते. ऑपरेशननंतर सहा. मला वाटलं, शून्यापासनं मोजलं तर सहा वाईट नाहीत. मग कळलं की मेलेल्या माणसालाही तीन मिळतात.

रोज सकाळी मी एवढंच विचारायचो, आज किती? पाचव्या दिवशी आठ झाले. त्याच दिवशी घशाला भोक पाडून नळी बसवली, ट्रॅकिऑस्टॉमी. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही म्हणून. मी सहीच्या जागी सही केली. रोज कुठंतरी सही करायची. वाचायला जमलं तरी कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी नको म्हणायला मी कोण होतो?

कुरुंदवाडची एक सिस्टर होती, तोंडानं फटकळ. "मामा, नुसतं बघत हुबं राहू नका. कूस बदलायला हात लावा. पाठीला जखमा झाल्या तर तुम्हालाच रडायला लागंल." तिच्यामुळं मला करायला काहीतरी मिळालं. दहा मिनिटांतली पाच मी शेवंताच्या टाचांना तेल लावण्यात घालवायचो.

नवव्या दिवशी तिनं डोळे उघडले. नऊ मार्क. मी तिच्या हातात बोट दिलं आणि म्हणालो, "शेवंता, मी हाय. वळखतीस का?" तिनं बोट घट्ट धरलं. मी पळत बाहेर आलो, सुमनला मिठी मारली. लेकीला मी लहानपणीसुद्धा मिठी मारली नव्हती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काका, त्याला ग्रास्प रिफ्लेक्स म्हणतात. तान्ह्या बाळाच्या तळहाताला बोट लागलं की ते धरतं, तसं. ओळखून धरलेलं नसतं ते. डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली असं नाही."

पुढचे चार दिवस ती माझ्यातनं आरपार बघत राहिली. आपण समोर असतो आणि तिच्या लेखी नसतो. त्यावर औषध नाही, उपाय नाही. बोट मात्र मी रोज द्यायचो आणि ती रोज धरायची. मी डॉक्टरांना ते सांगायचं बंद केलं.

मग ताप आला. छातीत कफ भरला, निमोनिया. मार्क नवाचे सात, सातांचे चार. सोळाव्या दिवशी सकाळी मी विचारलं, आज किती, आणि फटकळ सिस्टरनं मला चपलांसकट आत नेलं. शेवंता गेली होती.

दहाव्याच्या आत सगळे एकच सांगून गेले. वेळ भरली होती. देवानं तेवढंच लिहिलं होतं. सवाष्ण गेली, हिरव्या चुड्यात गेली, नशीबवान. मी मान हलवत होतो.

महिन्यानं कागद आणायला दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. सुमन बरोबर होती. म्हणालो, "खरं सांगा. लवकर आणली आसती तर?"

डॉक्टर म्हणाले, "पडल्या पडल्या आणल्या असत्या तर बहुतेक चालत घरी गेल्या असत्या. उलटीनंतर लगेच आणल्या असत्या तरी बरीच आशा होती. घोरायला लागल्या तेव्हासुद्धा थोडी होती."

"आणि सातला?"

"सातला मला जे करता आलं ते केलं."

सुमन चिडली. "आसं बोलत्यात व्हय म्हाताऱ्या माणसाला?" मी तिला गप्प केलं आणि डॉक्टरांना हात जोडले. मनापासनं जोडले. सगळ्यांनी मला धीर दिला, त्या एकट्या माणसानं मला खरं दिलं. नशीब म्हणून सोडून दिलं असतं तर मला दुसऱ्याला सांगायला काही उरलंच नसतं.

म्हणून सांगतो. तुमचं माणूस डोक्यावर आपटलं, उठून चालायला लागलं, हसलं, जेवायला बसलं, तरी दवाखाना गाठा. नाहीच गाठला आणि उलटी झाली, झोपलं, आणि आतनं येणारा आवाज तुम्हाला निराळा वाटला, तर तो निराळाच आहे. तिथं बसलेल्या बाकीच्यांना ते कळणार नाही, कारण ते तिच्या शेजारी तीस वर्षं झोपलेले नाहीत. त्यांच्याकडं बघू नका. उठा आणि आत जा.