अप्पा बाहेर जेवले

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अप्पा कुणाला नमस्कार करत नसत. समोर येईल त्याला विचारत, "ऊट झालं का?" ऊट म्हणजे जेवण. आमच्याकडे कर्नाटक इतकं जवळ आहे की जेवण कानडीत, हिशेब उर्दूत आणि भांडण मराठीत चालतं. हमाल असो नाहीतर बँकेचा साहेब, अप्पांना आधी त्याच्या पोटाची चौकशी करायची असे. आणि साऱ्या गावाच्या जेवणाची काळजी वाहणारा हा माणूस स्वतः मात्र घराबाहेर पाण्याचा घोटही घेत नसे.

अप्पा माझे थोरले चुलते. मोंढ्यात आडतीचं दुकान, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही आणि जे घालायचं ते अव्वाच्या हातचं. अव्वा म्हणजे माझी थोरली काकू. सारी गल्ली तिला अव्वाच म्हणायची. सोलापूरला जावो की हैदराबादला, अप्पांच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली असायचीच. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "चूल दिसली न्हाई तर घास उतरत न्हाई." नातवाच्या वाढदिवसाला केक आला तेव्हा त्यात अंडं नाही ना हे त्यांनी बेकरीवाल्याला इतक्या वेळा विचारलं की तो बिचारा शपथेवर आला. तरीही केक उंबऱ्याच्या आत आला नाही. आम्ही सगळ्यांनी तो ओट्यावर उभ्याने खाल्ला.

ताटात काही टाकायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. "ताट म्हणजे परसाद," असं म्हणून ते शेवटचं शीत बोटानं टिपत, मग ताटात पाणी ओतून, फिरवून, पिऊन टाकत. आमच्या लोकांत ही रीत जुनीच आहे, पण अप्पांनी ती पोलिसासारखी पाळली आणि पाळायला लावली. लग्नाच्या पंगतीत ज्या पोरानं जास्तीचं वाढून घेतलं असेल त्याच्या मागे जाऊन ते गप्प उभे राहत. पोरगं रडवेलं होऊन का होईना, पण ताट संपवायचं. मीही त्यातलीच एक. मला शिऱ्याचा अजून राग येतो.

अशा माणसाचा मला गेल्या वर्षी फोन आला. "पोरी, तुझ्या गावात बाहेर खायला काय काय मिळतं?"

मी वेंगुर्ल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागातली कितीतरी पोरंपोरी अशी नोकरीपायी कोकणात येऊन पडली आहेत. दिवाळीत आणि मे महिन्यात लातूर-नांदेडचे सगळे नातेवाईक मला फोन करतात: कुठं उतरायचं, कुठं जेवायचं, सोलकढी कुठली चांगली. समुद्राकाठी राहून मासा न खाणारी बाई म्हणून शाळेत माझी चेष्टा होते, पण गावातली एकूण एक खानावळ मला ठाऊक आहे. तरी अप्पांच्या तोंडून हा प्रश्न ऐकून मी आधी अव्वाची तब्येत विचारली.

अव्वाला पोटाचा आजार निघाला होता हे मला माहीत होतं. लातूरला उपचार सुरू होते आणि त्या औषधांनी तिच्या तोंडाची चवच गेली होती. फोडणीचा वास आला की ती परसात धावायची. भाकरी मातीसारखी लागते म्हणायची. डॉक्टरांनी अप्पांना स्वच्छ सांगितलं होतं: अंगात थोडी ताकद आली, वजन थोडं वाढलं, तरच पुढचं औषध देता येईल. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते चार घासांवर. घरात सुना, लेकी, शेजारणी करून करून थकल्या. शेवटी अव्वाच म्हणाली, मला या घराचा वास नको, कुठंतरी लांब न्या.

भाड्याच्या गाडीने ते दोघं आले. अव्वा गाडीतून उतरली आणि मी तिला ओळखलंच नाही, लुगडंच तेवढं ओळखीचं होतं. मी हौसेनं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. वास आला मात्र, ती भिंतीला धरून बाहेर गेली. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा कसूर न्हाई. चल, बाहेर घेऊन चल आमाला."

पहिल्यांदा मी त्यांना स्टँडजवळच्या घावण्यांच्या हॉटेलात नेलं. अप्पा दारातच थबकले. भांडी वेगळी आहेत का, इथं मासे शिजतात का, तेल कुठलं, सगळं विचारून झाल्यावर ते तडक आत जाऊन चूल बघून आले. मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. अव्वासमोर पांढरीशुभ्र घावणी आणि नारळाचा रस आला. तिनं कडेचा तुकडा मोडला, बराच वेळ चघळला आणि ताट सरकवलं. अप्पा ताटाकडे बघत राहिले. टाकता तर येत नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हॉटेलातलं अन्न तोंडात घातलं, डोळे मिटून, काढा प्यावा तसं. संपल्यावर ताट धुऊन प्यायले. वेटरला वाटलं पाणी कमी पडलं, त्याने जग आणून ठेवला.

तिथून पुढे आम्ही सारं वेंगुर्लं पालथं घातलं. एका घरी केळीच्या पानावर खटखटं, म्हणजे तिरफळं घातलेली मिश्र भाजी, मिळतं, तिथे गेलो. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, उकड्या तांदळाची पेज, नारळाच्या दुधातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात पनीर नावाचा पदार्थ अप्पांनी प्रथमच पाहिला. आजूबाजूला अर्ध्या चड्ड्या घातलेली माणसं खुर्च्यांवर रेलून बसलेली, पोरांच्या पायांना वाळू, कुणाला कसली घाई नाही. सगळं गाव सुट्टीवर होतं, आमचं एक टेबल सोडून. आम्ही दोघं अव्वाच्या हाताकडे बघत बसायचो. हात ताटापर्यंत गेला की श्वास धरायचा, परत आला की सोडायचा. सगळीकडे तेच. एक घास, फार तर दोन, आणि ताट अप्पांकडे.

आणि अप्पा खात होते. पोट फुगलं, छातीत जळजळ व्हायला लागली, रात्री ओवा चावून बसायचे, पण ताट टाकलं नाही. ती दिवसेंदिवस वाळत होती आणि तिच्या वाटचं सगळं हा माणूस गिळत होता. भांडी वेगळी आहेत का हे विचारणं त्यांनी कधी बंद केलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. आता ते अनोळखी लोकांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहत. हे काय आहे, चव कशी आहे, आजारी माणसाला चालेल का, असं विचारत. कुणी नीट सांगायचं, कुणी ताट जवळ ओढून घ्यायचं.

एकदा रस्त्यात अव्वा त्यांना म्हणाली, "तुमी खावा की. तुमी खाल्लं की मला खाल्ल्यावानी वाटतं."

अप्पा भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. "माझ्या खाण्यानं तुझं वजन वाढून राहिलं का?" मी त्यांना तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मग ते किनाऱ्यालगतच्या कठड्यावर जाऊन बसले. मी मागे गेले तेव्हा समुद्राकडे त्यांची पाठ होती. म्हणाले, "पोरी, सारी जिंदगी तिनं मला खाऊ घातली. मला एक घास तिच्या पोटात घालता येईना."

अव्वा रस्त्यात उभी होती, म्हणून मी त्यांना हाताला धरून उठवलं. खरं तर मलाही तेव्हा रडायचंच होतं.

परत येताना जेटीजवळ अव्वाच्या पायातलं बळ गेलं. समोर एक खानावळ होती, सगळं गाव जिला ताई म्हणतं त्या बाईंची. मी तिच्यावरून रोज जात असे पण आत कधी गेले नव्हते, कारण तिथं माशांखेरीज काही मिळत नाही. पाणी तरी मिळेल म्हणून आम्ही अव्वाला आत बसवलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगी भात कालवत होती. कोकम आणि तिरफळांचा आंबट, झणझणीत वास येत होता. अव्वा त्या ताटाकडे बघत राहिली.

"ते काय हाय? मला तसलं पायजे."

"अव्वा, तो मासा आहे. बांगड्याचं तिखलं."

"असू दे. वास बरा येऊन राहिला."

मी अप्पांकडे बघायचं टाळलं. ताईंनी त्यांच्या कपाळावरचं भस्म पाहिलं आणि मला हळूच विचारलं, खरंच आणू का. उत्तर अप्पांनी दिलं. सदऱ्याच्या आत गळ्यातलं लिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. "ती म्हणती ते आणा."

अव्वा जेवली. जेवली म्हणजे खरंच जेवली. रस्सा भातात कालवून घास तोंडात घालत होती, कपाळाला घाम आला होता, नाक वाहत होतं. भात परत मागितला. आम्ही काही बोलत नव्हतो, बोललो तर थांबेल या भीतीनं. ताई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "तिका सावकाश जेवंदेत, घाई नाय." शेवटी ती थांबली. ताटात थोडा भात, थोडा रस्सा आणि बांगड्याचा अख्खा तुकडा राहिला होता.

अप्पांनी ताट ओढलं. मी म्हटलं, अप्पा, राहू द्या, मांजराला घालतील ते.

"तिच्या ताटातलं हाय," ते म्हणाले.

त्यांनी तो खाल्ला. कसा खायचा ते माहीत नव्हतं, काटे टोचत होते, डोळ्यांत पाणी येत होतं. मग ताट धुऊन प्यायले. कुणाकडेही बघितलं नाही.

त्यानंतर मुक्काम होता तोवर ते दोघं ताईंकडेच जेवले. वजनाच्या काट्यावर अव्वाचा आकडा थोडासा वर सरकला तेव्हा अप्पांनी दवाखान्यातल्या नर्सलाच विचारलं, ऊट झालं का. ते उदगीरला गेले, लातूरला पुढचं औषधही मिळालं. पण त्या औषधानं तिचं तोंड पुन्हा मिटलं.

पुढचं मला चुलतभावाकडून कळलं. कपाळावर भस्म लावून अप्पा उदगीरच्या मासळी बाजारात गेले. सगळ्या मोंढ्यानं पाहिलं. सुनेनं स्वयंपाकघरात भांडं आणू दिलं नाही, तिचं तरी काय चुकलं? अप्पांनी गच्चीवर स्टोव्ह पेटवला. मी पार्सलने पाठवलेली तिरफळं घालून, मी ताईंना विचारून फोनवर सांगेन तसं, जन्मात कधी चहासुद्धा न केलेल्या त्या माणसानं तिखलं रांधलं. अव्वानं चाखलं आणि म्हणाली, तसलं न्हाई हे. उरलेलं अप्पांनी संपवलं. मठातले लोक समजावायला येऊन गेले. पंगतीत बोलावणं बंद झालं. मला मात्र रोज अप्पांचा फोन यायचा आणि रोज एकच प्रश्न असायचा, काय खाईल गं ती?

आणि मग एके दिवशी म्हणाले, "त्या बाईची खानावळ किती वाजता उघडती? आमी निघून राहिलो."

डॉक्टर नको म्हणाले होते. मुलगा नको म्हणाला. मीही म्हटलं, अप्पा, एवढा प्रवास तिला झेपायचा नाही. ते म्हणाले, "हितं ठेवून तरी काय करू, सांग." मी शाळेत रजा टाकली आणि सकाळीच ताईंकडे जाऊन बसले. त्यांनी ताजा बांगडा आणून ठेवला होता. आंबोलीचा घाट उतरायला लागलो, असा अप्पांचा फोन आला तेव्हा त्यांनी तिखलं चुलीवर चढवलं. पुन्हा फोन वाजला. गाडी वळणावर आली असेल असं समजून ताईंनी ताट वाढलंसुद्धा.

"पोरी, अव्वा गेली," अप्पा म्हणाले. "घाटातच. आमी माघारी वळून राहिलो."

मी येते म्हणाले. ते म्हणाले, सावकाश ये, माती उद्या देऊ. मग नुसता गाडीचा आवाज येत राहिला. मला वाटलं, ते फोन बंद करायला विसरले.

"ताट वाढलं हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो, अप्पा."

"मग टाकू नको. तू खा."

मी बसले. पहिल्याच घासाला काटा लागला. ताई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी माझ्या ताटातला तुकडा उचलला आणि एकेक काटा काढून माझ्यापुढे ठेवू लागल्या.