रोटोटुना एक इयत्ता खाली

ऑकलंडच्या विमानतळावरून निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या होत्या, पण धाकट्या भावाने, मिलिंदने, त्या मला नीट पाहू दिल्या नाहीत.

"ताई, अमेरिकन फुटबॉलचं नेमकं काय चुकतंय सांगू?" गाडी चालवता चालवता त्याने विचारलं.

सांगलीहून आले होते, डोळे मिटत होते. म्हटलं, "सांग बाबा."

मिलिंद हॅमिल्टनच्या उत्तरेला, रोटोटुना नावाच्या नव्या वस्तीत राहतो. आयटीत आहे. शेजारी ग्रेग, दारातून वाकून आत येणारा अमेरिकन. अमेरिकेतल्या रविवारच्या मॅचेस इथे सोमवारी सकाळी दिसतात, म्हणून सोमवारी दोघंही घरून काम करतात, म्हणजे करत नाहीत. टोस्टवर फेइजोआचा (पेरूच्या जातीतल्या आंबटगोड फळाचा) जॅम लावून मीही त्यांच्यासोबत बसले. चार पावलं खेळ, की लगेच जाहिराती.

"शेवटचा नंबर आला तर काय होतं?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी नवा खेळाडू निवडायचा पहिला मान त्यांचा," ग्रेग म्हणाला.

मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं. "म्हणजे नापास होणाऱ्याला स्कॉलरशिप?"

ग्रेगचा चेहरा उतरला. त्याच्या गावचा संघ त्याच्या लहानपणापासून हरत आलेला.

"म्हणूनच मजा नाही!" मिलिंद उसळून म्हणाला. त्याच्याकडे दोन उपाय तयार होते. हरणारा संघ खालच्या गटात ढकलायचा. आणि बॉल घेऊन पळणाऱ्याने एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायचं. दम तुटला की बाद.

शनिवारी बागेत चाचणी ठरली. ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतून, तिथल्या कारखान्यांत काम करणारी मराठी मंडळी डबे घेऊन आली. निम्मे जण जॅन्डल्समध्येच (रबरी चपलांत) मैदानात उतरले. हरणाऱ्यांनी अख्खा मोसम आठ वर्षांखालच्या मुलांच्या गटात खेळायचं, असं ठरलं. दम ऐकायला पंच म्हणून मला नेमलं.

ग्रेग बॉल घेऊन सुटला तशी जमीन हादरली.

"ताई, तो कबाडी कबाडी म्हणतोय!" पाहुण्यांचा कॅप्टन नीलेश ओरडला. "भंगारवाला आहे का तो?"

"दम बघायचा, उच्चार नाही," मी निकाल दिला.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. मिलिंद बॉल पोटाशी धरून, लाल होऊन, रेषेच्या दिशेने धावत होता. अडवायला कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, शुभांगीला, काहीतरी आठवलं.

"अरे, बार्बेक्यूचा गॅस बंद केलास का?"

"हो!" मिलिंद म्हणाला.

मी शिट्टी वाजवली. तिथून नीलेशने बॉल उचलला आणि कोणाला काही कळायच्या आत एका दमात पलीकडची रेषा गाठली.

"ताई, मी तुझा सख्खा भाऊ आहे!"

"दम तुटला, मिलिंद."

ग्रेग गवतावर उताणा पडून रडत होता. मी धावत गेले. "लागलं का रे?"

"आयुष्यभर हरतोय, ताई," तो म्हणाला, "पण हरल्याने कधी काही बिघडलंच नव्हतं. आज बिघडलं." आणि रडता रडता हसायला लागला.

घरी गेलो तर गॅस चालूच होता. पनीरचा कोळसा झाला होता.

पुढचे दिवस माझं फिरणं बागेपुरतंच राहिलं. सकाळी उजाडायच्या आत दोघं पळायला जात, मी दम मोजत असे. निघाले त्या दिवशी मला सोडायला शुभांगी एकटीच आली. मुलांच्या गटातली पहिली मॅच त्याच दुपारी होती. विमानात बसल्यावर ग्रेगचा मेसेज आला: "त्यांच्या कॅप्टनचे पुढचे दात पडलेत, पण पोरगी फार वेगवान आहे. भीती वाटतेय."

शेजारच्या बाईंनी विचारलं, "न्यूझीलंडमध्ये काय काय पाहिलंत?"

डोंगर राहिले, तळी राहिली, समुद्रही राहिला. मी म्हटलं, "दोन मोठी माणसं दुसरीतल्या मुलांना घाबरताना पाहिली. इतकी खूश माणसं मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती."

बाईंनी हसून खिडकीची झडप खाली ओढली. मी मात्र सांगलीला पोहोचेपर्यंत त्या मॅचच्या काळजीत होते.