ज्याची त्याला शिक्षा

मी कॉलेजात गेलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. धामणगाव बढ्याला आमचं वांगी-मिरचीचं शेत. पोरगा शिकून मास्तर होईल असं वडिलांना वाटे. मला मात्र जिल्ह्याच्या गावी आल्याबरोबर कबड्डीनं ओढलं. अंगात दम होता, संघात लगेच निवड झाली.

खेळ शिकवणाऱ्या सरांचा गावात दरारा होता. त्यांच्या हाताखाली कॉलेजनं ढाली जिंकल्या होत्या. त्या कशा जिंकतात ते संघात गेल्यावर कळलं. पकड सुटली की पाठीवर पट्टा. सामना हरला की दुपारच्या उन्हात मैदानाभोवती धावायचं, पाणी बंद. कोणी खाली बसलं तर त्याला उठवायचं काम कॅप्टनचं. तो सुलतानपूरचा, आमच्याहून मोठा. त्यानंही आधी असाच मार खाल्लेला. घरी आम्ही काही सांगत नव्हतो. खेळाडू व्हायचं तर हे सोसावंच लागतं, असं आम्हाला खरोखर वाटे.

मार्चात एक सामना हरून आलो. दुसऱ्या दिवशी धावता धावता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पाण्याच्या रांजणाकडे वळलो, तर कॅप्टननं दंड धरून मागं ओढलं. मागोमाग सर आले आणि त्यांनी कानाखाली अशी लगावली की मी शुद्धीवर आलो तो सरकारी दवाखान्यातच. डाव्या कानातून रक्त आलं होतं. त्या कानानं पुढं कधी ऐकू आलं नाही.

बातमी फुटली तसं कॉलेज पेटलं. मुलांना सरांचं तोंड काळं करून बाजारातून फिरवायचं होतं. संस्थेच्या मंडळींना बोभाटा नको होता. सरांनी राजीनामा द्यावा आणि संघ बंद करावा, म्हणजे प्रकरण मिटलं, असं त्यांचं म्हणणं. राजीनामा म्हणजे सर दुसऱ्या कॉलेजात तोच पट्टा घेऊन उभे राहणार, हे वडिलांनी बरोबर ओळखलं. चौकशी लावा, तोवर उठत नाही, असं सांगून ते संस्थेच्या कचेरीत बसून राहिले.

शेवटी चौकशी गावातल्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे दिली. संस्थेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी आम्हाला एकेकट्याला बोलावलं, तसंच सरांनाही. तुमचेही साक्षीदार आणा, असं सरांना म्हणाले. आम्हाला ते मुळीच आवडलं नाही. मी तसं तोंडावर सांगितलं.

"न ऐकता काढलं तर ती आपलीही दांडगाईच," ते म्हणाले. "ऐकून ठरवलं, की ते टिकेल."

मग त्यांनी कॅप्टनबद्दल विचारलं. मुलांच्या मते त्यालाही सरांबरोबरच हाकलायला हवं होतं.

"सरायनं सांगतलं म्हणून तो आमाले उठवे," मी म्हणालो. "नाही तं पट्टा त्याच्याच पाठीवर पडला असता. पण त्या दिवशी सर दूर होते. मले पाण्यापासून त्यानं आपल्या मनानं ओढलं. तेवढ्याची शिक्षा त्याले द्या. सरायची त्याच्या डोक्यावर नका टाकू."

निकाल तसाच लागला. सरांना कारण लेखी देऊन काढलं, आणि वडिलांनी फिर्याद दिली होती तिच्यावर कोर्टात शिक्षाही झाली. कॅप्टनला वर्षभर खेळायची बंदी. शिक्षण मात्र चालू. पालकांनी आधी तक्रारी केल्या होत्या आणि प्राचार्यांनी त्या दाबल्या, हेही चौकशीत निघालं. प्राचार्य सगळ्या मुलांसमोर उभे राहिले. कॉलेजचं नाव होत होतं म्हणून आपण गप्प बसलो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पद सोडलं आणि पुन्हा इतिहासाचे वर्ग घेऊ लागले.

उन्हाळ्यात कॅप्टन आमच्या घरी आला, एकटाच. ओट्यावर अंग चोरून बसला.

"काका, मलेबी कोणी पाणी देल्लं नव्हतं," तो वडिलांना म्हणाला. "पण ते काही कारण नोहे. माहं चुकलं."

वडिलांनी विचारलं, "तुलेबी मारत होते हे तुह्या घरी माहीत हाय काय?"

त्यानं मान हलवली. नव्हतं माहीत.

"मंग सांग त्यायले. आता जेऊन जा."

आईनं भाकरी वाढली. तो खाली मान घालून जेवला, आणि मीही त्याच्या शेजारीच बसलो.

संघ बंद झाला नाही. मला डाव्या टोकाला उभं करू लागले, म्हणजे सगळा खेळ माझ्या चांगल्या कानाकडे येई. नवे सर अकोल्याकडचे, बोलायला मोकळे. त्यांच्या हाताखालचा पहिलाच सामना आम्ही साफ हरलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तर न सांगता सगळे रांगेत उभे राहिलो, धावायला. सर आमच्याकडे बघतच राहिले.

"काऊन उभे राह्यले बे? बसा ना," ते म्हणाले आणि स्वतःच आधी मातीत बसले. मग काल पकड कुठं सुटली, ते एकेकाला विचारू लागले.