गाईच्या आईचं नाव

विलासभावजींचा फोन आला तेव्हा मी दौंडला शिक्षकांच्या प्रशिक्षणात बसले होते. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ सुजाता, डेंग्यूच्या तापानं आठवडाभर दवाखान्यात होती, पण आदल्याच दिवशी पेजेला नावं ठेवण्याइतकी ती बरी दिसली होती, म्हणून मी निश्चिंत होते. “वहिनी, तुम्ही निघा,” भावजी म्हणाले, “सावकाश या.” लवकर या म्हणाले असते तर काही आशा होती... चौफुल्यापर्यंत एसटीत मी रडले नाही. भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरल्यावर मात्र रस्त्याकडेचे गोठे दिसायला लागले आणि मग मला आवरलं नाही. याच वाटेनं मी तिच्या स्कूटीवर मागं बसून हिंडले होते, आणि त्या सगळ्या हिंडण्यात माझी मान खाली होती. आज महिना उलटल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसले, तरी आधी आठवते ती ती लाजच.

सुजाता आमच्या घरात आली ती संगणकाची पदवी घेऊन. आमचं गाव कारेगावच्या अंगाला. घरटी एक जण रांजणगावच्या कंपनीत पाळीला जाणारा, भावजीही त्यातलेच. सुजाता मात्र भागातल्या एका लहानशा दूध संघात लागली. आमचे सासरे, आबा, संघाचे जुने संचालक. त्यांनी शब्द टाकला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला ते कायम टोचायचं. संघाच्या कचेरीत मागच्या बाजूला एक थंडगार खोली होती, तिथला सर्व्हर ती सांभाळायची. आबा पाहुण्यांना ती खोली चपला बाहेर काढायला लावून दाखवायचे, देवघर दाखवावं तशी. मी एकदा तिला विचारलं, तू दिवसभर तिथं करतेस तरी काय? भाकरी थापता थापता ती म्हणाली, “जागा करते, ताई. दूध रोज येतं, तशी माहितीपण रोज येते. ती ठेवायची कुठं, हेच माझं काम.” त्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात आणखी कितीतरी संगणक आहेत, डोळ्यांना न दिसणारे पण खऱ्यासारखे चालणारे, एक दुधाचं माप ठेवतो, एक पगार करतो, एक गाईंची नोंद ठेवतो, असं तिनं मला समजावलं होतं. गाईंची नोंद म्हणजे कुठल्या गाईला कुठल्या वळूचं रेतन झालं, तिची आई कोण, आजी कोण. हे हाताशी नसेल तर एखाद्या कालवडीला तिच्याच बापाचं रेतन व्हायचं आणि वंश बिघडायचा. शिवाय प्रत्येक गाईचा फोटो, मालक नाहीतर मालकीण दावं धरून शेजारी उभी.

मग ज्या कंपनीच्या प्रणालीवर हे न दिसणारे संगणक चालत होते तिनं अटी बदलल्या, आणि संघानं सगळे संगणक दुसऱ्या प्रणालीवर हलवायचं ठरवलं. काम अर्थातच सुजाताकडं आलं. सकाळचं दूध उतरलं की संध्याकाळचं येईपर्यंतच्या मधल्या वेळात ती एकेक संगणक हलवायची. एकाही वेळचं माप चुकलं नाही, आबा ते कौतुकानं सांगत फिरले. गाईंच्या नोंदीचा संगणकही नव्या जागी सुरू झाला, पडद्यावर शेतकऱ्यांची नावं आली, तिनं चार-दोन गाई वरवर उघडून पाहिल्या, फोटोपर्यंत गेली नाही. पुढच्या संगणकाला जागा हवी होती, आणि जागा तर नेहमीचीच कमी. तिनं जुना पुसून टाकला... त्या जुन्या संगणकाला दोन डिस्क होत्या. नव्या गाईंची पहिली डिस्क पोचली होती. दुसरी, जिच्यात मागच्या पिढ्या आणि सगळे फोटो होते, ती मागंच राहिली होती आणि जुन्याबरोबर गेली. राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेताना जागा वाचावी म्हणून तिनंच कधीतरी ती डिस्क वगळली होती. काही दिवसांनी संघाच्या डॉक्टरांनी एका गाईची आजी शोधली, तेव्हा हे उघडकीला आलं.

पुण्याहून जाणती माणसं आली, पुसलेलं परत मिळतं का बघून गेली. त्या जागेवर तोवर दुसरं लिहिलं गेलं होतं. व्यवस्थापकांनी तिला सुचवलं की नव्या प्रणालीत बिघाड झाला एवढंच म्हणायचं, कोण विचारतंय. मासिक बैठकीत तिनं उभं राहून सांगितलं की बिघाड कसलाही नव्हता, मी नीट न बघता पुसलं. आबा त्याच बैठकीत होते. त्यांच्याकडं बघून कुणीतरी म्हणालं, शब्द टाकून माणसं घेतली की असंच व्हायचं. आबा घरी आले, पायताण काढलं आणि पडवीत भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं चौकात चहाला जाणं बंद झालं. लग्नकार्यात बायका सुजाताला “गाई पुसणारी” म्हणून दाखवायच्या, आणि मी तिच्या शेजारी बसलेली असायचे. भावजी तिला म्हणाले, सोड ती नोकरी. ती म्हणाली, सोडली तर ते भरून कोण काढणार?

नोंदी पुन्हा गोळा करायला तिनं गोठ्यागोठ्यांत जायचं ठरवलं, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या स्कूटीवर. आबांनी मला सोबत धाडलं. पहिलं घर मांडवगणच्या दशरथआप्पांचं. म्हातारा माणूस, गोठ्यासमोर बाजेवर बसलेला. तिनं सांगितलं, तुमच्या गाईंची जुनी माहिती माझ्या हातून पुसली गेली. आप्पांना काही उमजलं नाही. गाय तर जाग्यावर हाय ना, मग जाऊ दे की पोरी, च्या घ्या, असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली. मला सुटल्यासारखं झालं. मी सुजाताचं कोपर ओढलं, चल म्हणून. ती हलली नाही. चहा तसाच बाजूला ठेवून तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पार फोटोंपर्यंत. फोटोंचं नाव निघालं तशी आप्पांनी मान वर केली.

“चंद्रीचा फोटू? दावं धरल्याला?”

“तोही गेला, आप्पा.”

“त्यात आमची मंडळी हसली व्हती,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुठल्या फोटूत हसली न्हाई ती.”

त्यांची बायको आदल्या साली वारली होती. कचेरीत काम निघालं की आप्पा पडद्यावर तो फोटो काढायला लावून बघत बसायचे, हे सून हळूच म्हणाली. सुजाताला ते ठाऊक नव्हतं. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसून राहिली. मी गव्हाणीकडं बघत उभी होते, कारण माणसांकडं बघवत नव्हतं. निघताना आप्पा म्हणाले, “तू खोटं बोलली न्हाईस, ते बरं केलंस. पन पुन्हा हितं येऊ नगंस.” परतीच्या वाटेवर ती म्हणाली, त्यांना कळल्याशिवाय मी चहा प्यायले असते तर चोर ठरले असते, ताई. कळून तरी त्यांना काय मिळालं, असं मी विचारलं. 

त्यानंतर किती गोठे झाले... कुठं शिव्या, कुठं आम्हाला बघून लावलेलं दार, कुठं ऊसतोडीच्या घाईत “नंतर या.” कुणाला खरंच आठवत होतं, कुणी वेळ मारून न्यायला ठोकून द्यायचं, एका भल्या माणसानं एकाच गाईच्या दोन आया सांगितल्या. जमलं ते अर्धंमुर्धं. फोटो तर गेले ते गेलेच. भरपाई झाली असं ती कधी म्हणाली नाही, आम्हीही म्हणालो नाही. आबा कालांतरानं चौकात जायला लागले, पण ती थंड खोली त्यांनी परत कुणाला दाखवली नाही.

तिला एक सवय लागली ती मात्र त्यानंतरची. दर महिन्याला राखीव प्रत ती वेगळ्या यंत्रावर उघडून बघायची, आणि नुसतं बघून तिचं भागायचं नाही. त्यातली कुठलीही एक गाय निवडायची आणि घरूनच तिच्या मालकिणीला फोन लावायचा. “काकू, तुमच्या हरणीच्या आईचं नाव काय हो?” उत्तर पडद्याशी जुळलं की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा. आम्हाला तो फोन ऐकवायचा नाही. प्रश्न कानावर आला की भावजी उठून अंगणात जायचे, आबा टीव्हीचा आवाज वाढवायचे, मी नळ सोडायचे. ही दर महिन्याला स्वतःला शिक्षा करून घेते आणि आम्हालाही, असं मला वाटायचं.

तिचा मोबाईल भावजी अजून चार्ज करून तिच्या टेबलावर ठेवतात. परवा तो वाजला, घरात मीच होते. पलीकडं पारगावच्या ताराबाई. “मॅडम, लई दिस झालं, तुमचा फोन न्हाई आला, म्हून म्याच केला,” म्हणाल्या. मॅडम गेल्या, असं मी सांगितलं. मागं कुठंतरी वासरू हंबरत होतं. मग त्यांनी कधी, कशानं, मुलंबाळं काय, सगळं विचारलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की पुसलेल्या नोंदींचं त्यांना काहीच ठाऊक नाही. त्या संघात आल्या त्याच अलीकडं. त्यांच्या लेखी सुजाता म्हणजे गाईच्या आईची चौकशी करणारी बाई, एवढंच.

“मला हितं नांदायला येऊन जनम गेला,” ताराबाई म्हणाल्या, “माझ्या आईचं नाव कुनी इचारलं न्हाई कवा. आन् मॅडम गाईच्या आईचं इचारायच्या. हसू यायचं, पन बरं वाटायचं. आता लिवून घ्या तेवढं. गौरीला कालवड झाली.”

मी टेबलावरचं पेन घेतलं आणि लिहून घेतलं, कचेरीत कळवीन म्हणाले. फोन ठेवल्यावर तिथंच बसून राहिले. सुजाताची आई दहाव्याला आली होती, घाटाच्या पायरीवर एकटीच बसली होती. मीच तिला हाताला धरून उठवलं. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात आम्ही सगळे तिला ‘सुजाताची आई’ म्हणत आलो, आणि त्या दिवशीही मी तिला तशीच हाक मारली.

तिचं नाव मला माहीत नाही.