खंडेनवमीला मोजलेला पीळ

श्रीगजानन व वाग्देवी यांना वंदन करून, आज खंडेनवमीच्या निमित्ताने, गतवर्षी घडलेला एक अन्याय लिहून ठेवतो.

माझी सूनबाई जर्मनीतील येना शहरात भिंगांच्या कारखान्यात संशोधक आहे आणि गावाबाहेरील नेमबाजी मंडळाची सभासदही. लहान व्यासाच्या नळीची एक जुनी रायफल तिने रीतसर परवान्याने घेतली. काडतुसे घरी भरण्याची सरकारी परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. हिवाळी संघात तिला जागा हवी होती. गोळ्या मात्र मंडळाच्या वृद्ध प्रशिक्षकाने ठरवल्या: सत्त्याहत्तर ग्रेनच्या, म्हणजे सुमारे पाच ग्रॅमच्या, लांब आणि जड. "माझ्या रायफलीतून सरळ जातात, तुझ्यातूनही जातील."

शंभर मीटरवर तिचा एकही नेम लागेना. प्रशिक्षक सर्वांदेखत हसला, "तर मग, हात थरथरतो! पळी धरायला चालेल." जर्मन मला समजते. रक्त उसळले, पण मी केले काय? घरी येताना तिलाच म्हणालो, "सूनबाई, प्राणायाम वाढव." त्या वाक्याची लाज अजून जात नाही.

"अहो बाबा, श्वास ठीक आहे माझा," एवढेच म्हणून तिने लक्ष्याचा कागद पुढे केला. भोके गोल नव्हती, जवाच्या दाण्यासारखी लांबट होती. गोळ्या आडव्या होऊन लागत होत्या.

गतवर्षीच्या खंडेनवमीला पूजेसाठी तिने रायफल तिजोरीतून काढली व नळी पुसू लागली. फडके गुंडाळलेली सळई आत जाताना नळीतील पीळदार खाचांबरोबर सावकाश फिरत होती. "थांब," मी म्हणालो. सळईच्या मुठीजवळ मी कुंकवाचा ठिपका लावला. तो एक फेरा घेऊन पुन्हा वर आला, तेव्हा सळई बारा इंच आत गेली होती.

"बाबा! प्रशिक्षकांच्या नळीचा पीळ आठ इंचांत पुरा होतो. इतकी लांब गोळी स्थिर राहील एवढी गिरकी माझी नळी तिला देतच नाही!" मग आवाज खाली आला. "मोजायला हवं होतं. पण गुरूंना उलट विचारू नये, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

होय, मीच सांगितले होते.

काडतुसे भरण्याच्या पुस्तकातील कोष्टक पाहून तिने आखूड, हलक्या गोळ्या भरल्या. निवडीच्या रविवारी पाच गोल भोके दोन युरोच्या नाण्याखाली झाकली गेली. प्रशिक्षक म्हणाला, "हो, आधी चुकत होतं ते रायफल जुनी आहे म्हणून." मी लक्ष्याचे जुना आणि नवा असे दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. "रायफल तीच, हात तोच. आधीच्या गोळ्या कोणी निवडल्या?" त्याने मान खाली घालून यादीत तिचे नाव लिहिले. क्षमा मात्र मागितली नाही. आणि वर्ष झाले तरी माझा राग ओसरलेला नाही.

आज पूजेपूर्वी मी सूनबाईची क्षमा मागितली. गुरूला नमस्कार करावा आणि प्रश्नही विचारावा, हे मी फार उशिरा शिकलो.

वाचकहो, तुमच्या घरातील लेकीसुनांच्या हातांना यश लाभो, त्यांच्यावर कोणी खोटा दोष न ठेवो, आणि तुमचे कुटुंब सदैव सुखरूप राहो.